म्हसवडच्या कॉम्प्युटरातली अक्षरं कोणाची?

साल २००१. कार्तिक संपत आलाय. म्हसवडच्या बाजारपेठेत एका डीटीपीच्या दुकानातल्या बाकड्यावर तुम्ही बसला आहात. सिद्धनाथाचं लग्न तुळशीच्या लग्नाबरोबर लागलं, आता मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथ निघायचा. तुमच्या मंडळाला यात्रेचं हँडबिल दोन दिवसांत हवंय. खिशात हातानं लिहिलेला मजकूर आहे. वर देवाचं नाव, मध्ये कार्यक्रम, खाली वर्गणीदारांची लांबलचक यादी आणि सगळ्यात शेवटी ‘चांगभलं’.

लाईट गेलीय. दुकान चालवणारा पोरगा म्हणतो, “बसा दादा, चहा सांगतो. आत्ता येतीय.” लाईट येते, पंखा गरगरतो, विंडोज ९८ चं निळं आभाळ पडद्यावर उगवतं. पोरगा खाली वाकून कॉम्प्युटरच्या पाठीमागं काहीतरी दाबून घट्ट बसवतो. तुम्ही डोकावून बघता. प्रिंटरची वायर जिथं लागते तिथं काडेपेटीएवढा एक डबा खोचलेला आहे आणि वायर त्या डब्याच्या पाठीवर लावलेली आहे.

“हे काय?”

“डोंगल. हे हाय म्हणून मराठी हाय. काढलं की टाईप होत न्हाई.”

विंडोज आणि पेजमेकर त्यानं कुणाकडून तरी सीडीवर उतरवून आणलेत. दोन्हींचे पैसे त्यानं कुणालाच दिलेले नाहीत. मराठी फाँटचं सॉफ्टवेअर मात्र त्याला विकत घ्यावं लागलं, कारण त्याला कुलूप होतं. म्हणजे परदेशातल्या बलाढ्य कंपन्यांचे पैसे बुडाले आणि देशातल्या लहान कंपनीचे वसूल झाले. यात न्याय झाला असं तुम्हाला क्षणभर वाटेल. पण १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी चीनबद्दल बोलताना उघडपणे सांगितलं होतं की लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं, पुढं कधीतरी वसुलीचा मार्ग सापडेल. चोरीच्या सीडीनं म्हसवडच्या या पोराला एका विशिष्ट प्रणालीची सवय लावली. त्याची बोटं, त्याच्या फायली, त्याच्याकडं शिकायला येणारी दोन पोरं, सगळे त्याच वाटेला लागले. वर कायद्याची टांगती तलवार आहेच. प्रताधिकार कायद्याच्या ६३-ब कलमाप्रमाणं सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान पन्नास हजार दंड होऊ शकतो. दिवसाला चार लग्नपत्रिका करणाऱ्या पोराला हे कुणी सांगितलेलंही नसतं.

हँडबिल तयार होतं. फ्लॉपी घेऊन तुम्ही एसटीनं फलटणला ऑफसेटवाल्याकडं जाता. तो फाईल उघडतो आणि पडद्यावर सिद्धनाथाच्या जागी डॉलरची खूण, दोन आकडे, एक उलटा कंस आणि उद्गारचिन्हांची रांग दिसते. तो वैतागत नाही, त्याला याची सवय आहे. “तुमच्याकडचा फाँट वेगळ्या कंपनीचा. आमच्याकडं दुसऱ्याचा. त्याला सांगा, कर्व्ह करून पाठव.”

कर्व्ह करणं म्हणजे कोरल ड्रॉमध्ये अक्षरांचं चित्र करून टाकणं. मग फाँट असो वा नसो, आकार जसाच्या तसा दिसतो. तुम्ही एसटीडी बूथवरून फोन करता, दुसऱ्या दिवशी नवी फ्लॉपी येते, छपाईला लावायच्या आधी प्रूफ बघता आणि तुमच्या पोटात गोळा येतो. सगळ्यात मोठ्या वर्गणीदाराच्या आडनावात एक वेलांटी चुकली आहे. ऑफसेटवाला हात वर करतो. वेलांटी बदलता येत नाही, कारण ती आता वेलांटी राहिलेली नाही. ती एक रेघ आहे. यात ‘र’ शोधता येत नाही, ‘चांगभलं’ कुठं आहे ते कॉम्प्युटरला विचारता येत नाही. मजकूर तुमचा, देव तुमचा, पैसे तुमचे, आणि एक वेलांटी दुरुस्त करायला पुन्हा म्हसवडला, त्याच डब्याच्या दारात जायचं.

हे असं का झालं ते बघायला तेरा वर्षं मागं चला, पुण्याला. १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालंय. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम इथं जिस्ट या नावानं वाढतंय. जिस्टचं कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं की इंग्रजीपुरत्या बनवलेल्या यंत्रात देवनागरी उमटते. तुम्ही त्या काळातल्या इंजिनिअरच्या शेजारी उभे राहून पहिला ‘क्ष’ पडद्यावर आलेला बघा, तो आनंद खरा आहे. ‘क’ ला कोणता क्रमांक, ‘ख’ ला कोणता, हे ठरवणारं इस्की नावाचं राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये पक्कं झालं. सगळ्यांनी ते पाळलं असतं तर फलटणला सिद्धनाथ दिसला असता.

पण छपाईच्या सॉफ्टवेअरला इस्की समजत नव्हतं. एका फाँटमध्ये २५६ घरं, त्यातली काही आधीच अडलेली. त्या घरांत काना, मात्रा, अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरांचे तुकडे कसे बसवायचे, हे प्रत्येक कंपनीनं आपापल्या सोयीनं ठरवलं. श्री-लिपी, आकृती, आयएसएम, प्रत्येकाची मांडणी निराळी. सुरुवातीला ही तांत्रिक अडचण होती, पुढं तोच धंद्याचा आधार झाला. एकदा वर्तमानपत्रानं दहा वर्षांचे अंक एका मांडणीत साठवले की दुसऱ्या कंपनीकडं जाण्याची किंमत म्हणजे दहा वर्षांचे अंक. यामागं कुणी कट केला असं म्हणण्याचं कारण नाही. या कंपन्यांत वळणदार देवनागरी हातानं रेखाटणारे कलावंत होते, त्यांचे पगार होते. त्यांनी काम केलं नसतं तर मराठी डीटीपी आणखी कितीतरी लांबलं असतं. त्यांचे पैसे त्यांना मिळायलाच हवे होते, आणि हा मुद्दा मला हातचा राखून ठेवायचा नाही.

कारण तो मुद्दा फार आधी आणि चढ्या आवाजात मांडला गेला ३ फेब्रुवारी १९७६ रोजी, अमेरिकेत. तुम्ही आता न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कमध्ये आहात. वीस वर्षांचा बिल गेट्स कॉम्प्युटरच्या हौशी मंडळींना खुलं पत्र लिहितोय. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी अल्टेअर या यंत्रासाठी बेसिक भाषा तयार केली. वापरणारे भरपूर, विकत घेणारे दहातला एकही नाही. त्याच्या हिशेबानं रॉयल्टीतून हाती पडलेली मजुरी ताशी दोन डॉलरही भरत नाही. फुकटात पक्कं काम कोण करील, असा त्याचा सवाल. तुम्ही त्याच्या खांद्यावरून पत्र वाचा आणि प्रामाणिकपणे सांगा, त्याचं काय चुकलं? मजुरी मागणं हा गुन्हा नाही. माणदेशातल्या दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या कुठल्याही बाईला हे पत्र कळेल.

तिथून चार-पाच वर्षं पुढं आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला या. एमआयटीची कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रयोगशाळा. झेरॉक्स कंपनीनं नवा लेझर प्रिंटर भेट दिलाय. तो एका मजल्यावर आणि बरीचशी माणसं वेगळ्या मजल्यावर. कागद अडकतो, कुणाला कळत नाही, तासाभरानं जाऊन बघावं तर छपाई तशीच पडून. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रामरनं जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये बदल करून ठेवला होता. कागद अडकला की वाट बघणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप. नव्या प्रिंटरला तसंच करावं म्हणून तो मूळ प्रोग्राम शोधत कार्नेगी मेलन विद्यापीठात पोचला, आणि तिथल्या माणसानं नकार दिला, कारण त्यानं गुप्ततेच्या करारावर सही केली होती. इथं पैशाचा प्रश्नच नव्हता. दुरुस्ती करणारा हजर होता, फुकट करून द्यायला तयार होता, आणि तरी हात लावायची मनाई होती.

२७ सप्टेंबर १९८३ ला स्टॉलमननं मोकळ्या प्रणालीचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. प्रोग्राम कुठल्याही कामाला वापरा, आतून वाचा, बदला, वाटा. मुख्य अट एकच, प्रत पुढं देताना हेच हक्क पुढच्यालाही द्यायचे. विकायला मनाई नाही. १९९१ मध्ये फिनलंडचा विद्यार्थी लिनस तोरवाल्ड्सनं लिनक्स ही प्रणाली सुरू केली आणि पुढच्या वर्षी तीही याच परवान्याखाली आणली.

गेट्सचं पत्र मजुरीबद्दल होतं आणि स्टॉलमनचं भांडण हक्काबद्दल. दोघं एकमेकांना उत्तर देत नाहीत, दोन वेगळे प्रश्न विचारतात. पन्नास वर्षं आपण ते एकत्र कालवून ‘फुकट चांगलं की विकतचं चांगलं’ असा वाद घालत बसलोय.

ते वेगळे कसे करायचे, हे बघायला परत म्हसवडला यायला हवं, डीटीपीच्या दुकानाच्याही पाच वर्षं आधी. साल १९९६. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांच्यासमोर लोहारकाम करणारी एक बाई बसली आहे. तिला रोज थोडे पैसे साठवायचे आहेत, पावसाळ्याच्या आत डोक्यावर ताडपत्री घालायची आहे. कर्ज नको, सूट नको, अनुदान नको. बँकेत खातं हवं, आणि बँक म्हणते एवढ्या लहान रकमेचं खातं परवडत नाही. मग बायकांनी स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. अर्ज रिझर्व्ह बँकेकडं गेला आणि परत आला. प्रवर्तकांच्या सह्यांच्या जागी अंगठे होते. अक्षरओळख नसलेल्या बायका बँक कशी चालवणार?

तुम्ही त्या बायकांबरोबर परत रिझर्व्ह बँकेत जा. दालनात थंड हवा आहे, खुर्च्या गुळगुळीत आहेत, बायका पदर सावरून बसल्या आहेत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आम्हाला लिहिता येत नाही, हिशेब येतो. मुद्दल सांगा, दर सांगा, व्याज तोंडी काढतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

पुढं काही वर्षांनी बँकेनं कार्ड आणायचं ठरवलं तेव्हा पिन क्रमांकाची पद्धत एका खातेदार बाईनं नाकारली. तिचं म्हणणं होतं की पिन घरातलं कुणीही विचारून किंवा बघून घेईल आणि पैसे काढील, त्यापेक्षा माझा अंगठा घ्या, तो कुणाला चोरता येणार नाही. चेतना सिन्हा यांनी हा प्रसंग जाहीर भाषणात सांगितला आहे. बँकेनं तिचं ऐकलं.

या प्रसंगात माझ्या मते सगळा विषय आहे. बाई सेवेचे पैसे द्यायला तयार होती. तिला हवा होता तो शब्द, म्हणजे माझ्या पैशाला कुठली किल्ली लागेल हे मी सांगणार आणि तसा बदल होणार. सहकारी बँकेत तो शब्द चालतो, कारण ती भागधारक आहे. बँक चालवणारं यंत्र मात्र दुसऱ्याचं असेल आणि आत हात घालायला मनाई असेल, तर संचालिका मान डोलावतील आणि विक्रेता म्हणेल, पुढच्या आवृत्तीत बघू. मतदानाचा हक्क काउंटरपर्यंत पोचतो आणि तिथं थांबतो.

आता २००४ च्या सुमारास पुन्हा पुण्यात या. युनिकोडनं प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच क्रमांक दिलाय, त्याचा पाया इस्कीचाच. विंडोज २००० पासून मंगल फाँट मिळतो, पण तो मायक्रोसॉफ्टचा, बदलायला किंवा लिनक्सवर वाटायला मोकळा नाही. त्या वर्षी रेड हॅट या लिनक्स पुरवणाऱ्या कंपनीनं लोहित नावाचे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त परवान्याखाली सोडले. आधीपासून इंडलिनक्स या गटाची मंडळी लिनक्समध्ये भारतीय भाषांत मेनू आणि संदेश आणत होती. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झालेला. रात्री नोकरीवरून आल्यावर ‘फाईल जतन करा’ म्हणायचं की ‘साठवा’ यावर भांडणारी माणसं तुम्हाला इथं भेटतील. त्यांना कुणी पगार दिला नाही.

लोहित देखणा फाँट नव्हता, हे मी मोकळेपणानं म्हणतो. पण मराठी वळणाचा ‘ल’ हवा, ‘श’ ची गाठ आपल्यासारखी हवी, ‘सुऱ्या’ मधला र नीट बसत नाही, तर फाँट उघडून दुरुस्त करायची परवानगी परवान्यातच लिहिलेली होती. पुढं मुंबईच्या ‘एक टाइप’ या व्यावसायिक फाँट-संस्थेनं काढलेल्या ‘मुक्ता’सारखे फाँट आले, मुक्त परवान्याचे आणि देखणेही. तेव्हा पैसे घेऊन केलेलं काम आणि मोकळं काम यांत वैर असतं हे खरं नाही.

म्हसवडच्या दुकानात पुढं काही वर्षांनी नवा कॉम्प्युटर आलाय. त्याला जुनं प्रिंटरचं पोर्टच नाही, डोंगल खोचायला जागा नाही. जुन्या फायली उघडल्या की डॉलर आणि उलटे कंस. यात्रेची हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल, कुणाच्या वडिलांच्या श्राद्धाची पत्रिका, शाळेचा वार्षिक अंक, सगळं आत आहे आणि वाचता येत नाही. मग कुणीतरी जुन्या मांडणीचं कोष्टक बसून उलगडलं, युनिकोडमध्ये बदलणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि सगळ्यांना दिला. त्या अनामिक माणसाचे मराठीवर उपकार आहेत. ज्यांच्या फायली कर्व्ह झाल्या होत्या, त्यांच्या मात्र कायमच्या चित्रंच राहिल्या.

माणदेशात पाणी वाटलं की कमी होतं, म्हणून पाळी लावावी लागते. प्रोग्राम वाटल्यानं कमी होत नाही, दुसऱ्या प्रतीला खर्च जवळपास शून्य, मुक्त सॉफ्टवेअरचं अर्थकारण इथून सुरू होतं. पण चारी साफ करायला दर हंगामाला माणूस लागतो, तो खर्च प्रोग्रामलाही चुकत नाही. एप्रिल २०१४ मध्ये इंटरनेटवरच्या बँका, दुकानं, टपाल यांची निम्मीअधिक कुलपं ज्या ओपनएसएसएल या मोकळ्या प्रोग्रामवर चालत होती, त्यात हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. अब्जावधींचे व्यवहार त्याच्या भरवशावर, आणि त्याला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या दोन हजार डॉलरच्या आसपास. पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक. सगळ्यांनी फुकट घेतलं आणि कुणी चारी साफ करायला गेलं नाही. गेट्सचं पत्र इथं पुन्हा वाचावं लागतं. उलट बाजूही आहे. लोहितवाली रेड हॅट दुरुस्ती, देखभाल आणि जबाबदारी यांचे पैसे घेत वाढली आणि २०१९ मध्ये आयबीएमनं ती ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. प्रोग्राम मोकळाच राहिला.

आता आजच्या वर्षात या. म्हसवडजवळच्या एका गावातली विकास सोसायटी, वार्षिक सर्वसाधारण सभा. तुम्ही सभासद आहात. जून २०२२ मध्ये केंद्रानं ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, खर्च २,५१६ कोटी. किर्द-खतावणी आता एका सामाईक प्रणालीत जाणार. हे चांगलंच आहे. कागदी खतावणीत काय काय खपून जातं हे सभेला आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ताळेबंद वाचून झाला, लाभांश झाला, अध्यक्षांनी ऐनवेळचे विषय पुकारले. लोक चपला शोधायला लागलेत. तुम्ही उठा.

विचारा की सोसायटीची पूर्ण खतावणी, सगळ्या वर्षांची, आपल्याला वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढून घेता येते का, आणि ती काढायला कुणाची परवानगी लागते. मराठी मजकूर युनिकोडमध्ये आहे का. पीककर्जाचा नियम बदलला किंवा व्याजाचा हिशेब चुकला, तर तो प्रोग्राम कुठं चुकतो हे आपला हिशेबतपासनीस बघू शकतो का. २०१५ पासून केंद्र सरकारचं धोरण सांगतं की सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं, मग आपल्या करारात काय लिहिलंय. आणि शेवटचं, तेवढंच महत्त्वाचं. देखभाल करणाऱ्या माणसाला वर्षाला किती द्यायचे, ती रक्कम अंदाजपत्रकात धरली आहे का. धरली नसेल तर धरा. तो फुकट येईल अशी आशा ठेवू नका.

गटसचिव चष्मा वर करतात. “तात्या, हे नुसतं विचारताय का ठराव मांडताय?”

“ठराव.”

“मग सूचक तुम्ही. अनुमोदक?”

मागच्या रांगेतून, पोरीला मांडीवर घेऊन बसलेली एक सभासद हात वर करते. “माझं नाव घाला. आणि खतावणी काढता येती का, ते आत्ताच काढून दाखवा. मशीन चालूच हाय की.”